लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

दरवर्षीची लस टोचून आणलेला कुत्रा संध्याकाळी मलूल होऊन पडला, की घरची मंडळी धास्तावतात आणि ‘पुढच्या वर्षी लस नकोच’ असे ठरवून मोकळी होतात. हा निर्णय मात्र घातक ठरू शकतो.

लस म्हणजे शरीराला रोगाची आगाऊ ओळख करून देणे. त्या ओघात एक-दोन दिवस अंगात कणकण येते, टोचल्या जागी सूज दिसते. हे आपोआप ओसरते. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार ओकणे, कोसळणे ही लक्षणे निराळी. ती बहुधा तासाभरातच दिसतात आणि तत्काळ उपचार मागतात. म्हणून लशीनंतर अर्धा तास पशुवैद्याकडेच थांबावे. अमेरिकेत १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना तीन दिवसांत त्रास झाल्याचे आढळले. लहान चणीच्या व एकाच वेळी अनेक लशी घेतलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण अधिक होते. पूर्वीचा त्रास पशुवैद्यास सांगितल्यास लशी वेगवेगळ्या दिवशी देता येतात.

रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की मरण जवळजवळ अटळच. गोव्यात २०१४ पासून व्यापक श्वानलसीकरण झाले आणि २०१८ व २०१९ या वर्षांत या रोगाने एकही माणूस दगावला नाही. पेडणे आणि डिचोली हे तालुके महाराष्ट्राला भिडलेले आहेत. भटक्या कुत्र्याला सीमा ठाऊक नसते. तेथे चुकवलेली लस एका घरापुरती राहत नाही.