भार वाहावा, वाहन विंधू नये

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप येऊ लागली की मुंबई, ठाणे, पुणे येथील चाकरमान्यांची मने देहाच्या आधीच कोकणात जाऊन पोहोचतात. गावच्या घराची वर्षभर मिटलेली कवाडे उघडावयाची असतात, माटवी बांधावयाची असते, भावकीच्या मेळ्यात आरतीला उभे राहावयाचे असते. पूर्वी ही यात्रा बोटीने होई, पुढे एस.टी.ने होऊ लागली, 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आता अनेक कुटुंबे बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी यांसारखी सात आसनांची घरची गाडी घेऊन राष्ट्रीय महामार्ग 66 ला लागतात. लहानथोर सारेच या थोराड गाड्यांना ‘एसयूव्ही’ म्हणतात.

बाहेरून गाडी ऐसपैस दिसते खरी. परंतु सातही आसनांवर माणसे बसली की मागच्या डिकीत वीत-दोन वीत जागा उरते. तेवढ्यात समया, ताम्हन, पितळेची भांडी, मखराचे सामान, शिध्याच्या पिशव्या, नारळ आणि माणसागणिक एक बॅग! मग घरातील एखादा उत्साही तरुण सुचवितो, ‘‘बाबा, तळाला चार भोके पाडून लोखंडी मांडणीच ठोकून घेऊ.’’ प्रस्तुत लेख त्या तरुणासाठी आहे आणि त्याला होकार देण्याच्या बेतात असलेल्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे. कीर्तनकाराने सुताराच्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, पेटी, तबला-डग्गा आणि झांजा घेऊन आम्ही सेवेच्या निमित्ताने यजमानांच्या अशाच गाड्यांतून गावोगाव फिरत असतो, आणि सामान सुटे राहिले म्हणजे काय होते ते आमच्या साथीदारांना चांगलेच ठाऊक आहे. कीर्तनाच्या रीतीस अनुसरून आधी पूर्वरंगात तत्त्व पाहू आणि नंतर उत्तररंगात कृतीकडे वळू.

पूर्वरंग : बंधन रक्षणासाठीच

‘वह्’ या धातूपासून ‘वाहन’ शब्द सिद्ध झाला. वाहून नेणे हा त्याचा धर्म. ‘बन्ध्’ या धातूपासून ‘बंधन’ शब्द आला, आणि त्याच धातूपासून ‘बंधू’ हा शब्दही आला. आपुलकीने बांधून ठेवतो तो बंधू. बंधन म्हणजे केवळ जाच नव्हे, ते रक्षणही आहे, हे भाषेनेच आपणांस सांगून ठेविले आहे. मोटारीत हे तत्त्व अक्षरशः खरे ठरते. माणसाला आपण सीट बेल्टने बांधतो, आणि त्याच्या डोक्यामागे रचलेली पितळेची घंगाळे मात्र मोकळी सोडतो!

याचा हिशेब साधा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूला थोपविण्यास तिच्या वजनाच्या सुमारे 14 पट बळ लागते. म्हणजे 10 किलोची पेटी त्या क्षणी 140 किलोची होते, आणि 3 किलोची समई 42 किलोची. आदळण्याचे सोडा, कोरड्या रस्त्यावर नुसता कचकन ब्रेक लागला, तरी सामान आपल्या वजनाच्या पाऊणपट जोराने पुढे धावते. आणि डिकीच्या लगत, तिसऱ्या ओळीत कोण बसलेले असते? बहुधा घरातील मुले. त्यांच्या मस्तकामागे वीतभर अंतरावर आपण काय रचून ठेवतो, हा विचार प्रत्येक गृहस्थाने निघण्यापूर्वी करावयास हवा.

एका यजमानांच्या गाडीत घडलेली गोष्ट आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली. घाटाच्या उतारावर पिशवीतील एक नारळ सुटला, आसनांखालून गडगडत पुढे आला आणि चालकाच्या पायाशी ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकला. चालक सावध, वेग अल्प, म्हणून सारे बचावले. एका नारळाचे सामर्थ्य एवढे, तर पोत्याचे किती!

आता भोक का पाडू नये ते पाहू. गाडीचा तळ म्हणजे घरची भिंत नव्हे. त्याखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात, तेथेच इंधनाची टाकी असते, गालिच्याखालून विजेच्या तारा गेलेल्या असतात. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर उच्च दाबाची बॅटरीच तळाशी असते. अनेक गाड्यांत बाजूच्या खांबांत आणि छताच्या कडेला एअरबॅगची योजना असते. तेथे घुसलेला स्क्रू ऐन प्रसंगी घात करील. शिवाय भोक पडले की रंगाचे कवच भंगते, आणि कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत त्या जागी गंज धरावयास वेळ लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे असे की, तळाचा पत्रा मिलिमीटरभराच्या आसपास जाडीचा असतो. त्यात नुसता ठोकलेला बोल्ट मोठ्या धक्क्यासरशी पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणजे वाहनही विंधले जाते आणि भारही सुटतो.

कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. आसनसंख्या हा त्याच तपशिलाचा भाग आहे. सबब सामानासाठी आसन कायमचे उखडून टाकण्याचा विचारही मनात आणू नये.

उत्तररंग : फळी, पट्टा आणि जाळी

निर्मात्याने काही जागा मुळातच भक्कम केलेल्या असतात. त्या शोधून त्यांचाच आश्रय घ्यावा, हे या विद्येचे सार. पुष्कळ गाड्यांच्या डिकीत तळाशी लोखंडी कड्या असतात. गालिच्याखाली दडल्यामुळे कित्येक मालकांना त्या वर्षानुवर्षे दिसतही नाहीत. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून पाहावी. कड्या कोठे आहेत आणि त्या किती भार सोसतात हे तीत दिलेले असते. मुलांचे आसन अडकविण्यासाठी असलेल्या कड्या मात्र त्याच कामाला ठेवाव्यात. छताजवळच्या धरावयाच्या मुठींना आणि कपड्यांच्या आकड्यांना जड पिशवी टांगू नये. घरी माटवी डोक्यावर टांगली म्हणजे शोभते, कारण घर धावत नाही. धावत्या गाडीत डोक्यावर टांगलेला भार हा धोकाच होय.

आमच्या एका यजमानांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेली दुमजली फळी आम्हांस फार आवडली. तिची रीत अशी. तिसरी ओळ पूर्ण किंवा अर्धी दुमडावी आणि तेवढी माणसे कमी न्यावीत. डिकीची रुंदी चाकांवरील उंचवट्यांच्या मधोमध, म्हणजे सर्वांत अरुंद जागी मोजावी. त्या मापाहून बोटभर कमी अशी 12 मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची फळी घ्यावी. मीटरभर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद फळीचे वजन साधारण 5 किलो भरते. तिला फूट-सव्वा फूट उंचीचे भक्कम पाय आणि कोनात लोखंडी पट्ट्या बसवाव्यात. स्क्रू जावयाचे ते लाकडात. गाडीला सुईचेही टोक लागता कामा नये. कडा घासून त्यांवर जाड कापड चढवावे आणि पायांखाली रबरी जाळीची चटई अंथरावी, म्हणजे मांडणी घसरत नाही. मग तळाच्या दोन किंवा चार कड्यांतून पट्टे ओवून संपूर्ण मांडणी जखडून टाकावी. सण सरला की पट्टे सोडून फळी बाहेर. गाडी होती तशीच.

पट्टा कोणता घ्यावा? सुतळी झिजते आणि गाठ सैल पडते. रबरी दोरी ताणली जाते आणि सुटली तर डोळ्यांवर उसळते. तिने चादरी, उशा तेवढ्या बांधाव्यात. जड वस्तूंसाठी ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घ्यावा. तो सामानावरून फुलीच्या आकारात न्यावा, म्हणजे पुढेमागे आणि बाजूंनाही आवळ बसतो. पहिल्या 30-40 किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळावेत. सामान बसते तसे ते सैल होतात.

रचनेचा नियम एक : जड ते खाली आणि पुढे, हलके ते वर आणि मागे. पेटी, तबला, समया, धान्य हे सारे खालच्या मजल्यावर, उभ्या असलेल्या आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावे. जड सामान अगदी मागच्या दाराशी गेले तर पुढील चाकांवरचा भार घटतो आणि सुकाणूची पकड ढिली पडते. वरच्या मजल्यावर कपड्यांच्या बॅगा आणि मखराचे सामान ठेवावे, तेही आसनाच्या पाठीच्या उंचीपर्यंतच. त्याहून वर रचणे अटळ असेल, तर मध्ये भक्कम जाळी हवी. ती निर्मात्याने दिलेल्या जागीच अडकवावी. मधली ओळ रिकामी असेल तर तिचे सीट बेल्टही लावून ठेवावेत. आसनाच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो.

लहानसहान वस्तूंसाठी पुढील आसनांच्या पाठीवर अडकवावयाचे कापडी कप्पे मिळतात. हेडरेस्टच्या दांड्यांना वर आणि आसनाखाली खाली बांधले की ते हलत नाहीत. त्यांत पंचांग, आरतीचे पुस्तक, औषधे, रुमाल ठेवावेत. पितळेचा तांब्या नव्हे. आसनाच्या कडेला एअरबॅग असल्यास ती कड कापडाने झाकू नये. काचेला चिकटवावयाचे आकडे उन्हाने आणि दमटपणाने सुटतात. त्यांच्यावर टोपीपेक्षा अधिक भार सोपवू नये. चालकाच्या पायांजवळ आणि त्याच्या आसनाखाली मात्र काहीएक ठेवू नये. जॅक, पाने आणि धोक्याचा त्रिकोण सामानाखाली गाडू नयेत. पावसात चाक पंक्चर झाले तर त्यांसाठी सारी डिकी उपसावी लागते.

मूर्ती नेताना

आता अत्यंत नाजूक विषय. पुष्कळांची मूर्ती गावच्या गणपतिशाळेतच घडते. परंतु पेणहून किंवा शहरातून मूर्ती नेणारी घरेही थोडी नाहीत. मूर्ती मांडीवर घेऊन पुढील आसनावर बसण्याची चाल आहे, तीमागील भाव आम्ही जाणतो. तथापि वरचाच हिशेब लावा : 4 किलोची मूर्ती आघाताच्या क्षणी 56 किलोची होते, आणि मानवी हातांना ती आवरत नाही. समोरून एअरबॅग फुटली, तर मूर्ती आणि धारक दोघांनाही इजा संभवते. यासाठी वर उघडी अशी लाकडी पेटी करावी, तळाशी घोंगडी अंथरावी, मूर्ती उभी ठेवून तिच्या बैठकीभोवती घड्या केलेले पंचे घट्ट बसवावेत. हात, सोंड, कान यांना कशाचाही दाब लागू देऊ नये. ही पेटी पुढील आसनाच्या मागे, पाय ठेवण्याच्या जागेत ठेवून आसन हलकेच मागे सरकवावे, म्हणजे ती आपोआप धरून राहते. त्या जागी अर्थातच कोणी बसू नये. रीतीप्रमाणे मुख वस्त्राने झाकावे. गणराय आपल्या पायांशी नव्हेत, सर्वांत सुरक्षित स्थानी विराजमान आहेत, असे समजावे.

शेवटी वजनाचे गणित. गाडीला किती एकूण भार सोसवतो ते पुस्तिकेत दिलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा करावे आणि मग माणसांचे. सरासरी 65 किलोंची सात माणसे म्हणजे 455 किलो. उरेल तेवढाच सामानाचा अधिकार. पूर्ण भार असताना चाकांत हवा किती असावी, ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. निघण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर ताशी 20 च्या वेगाने जाऊन एकदा ब्रेक लावून पाहावा. मागून खडखडाट ऐकू आला तर काही तरी सुटे आहे, ते बांधावे.

वाचकहो, एवढे करूनही जागा अपुरी पडली तर फळी वाढवू नये, सामान घटवावे. तांदूळ, गूळ, नारळ गावच्या बाजारातही मिळतात, आणि ते तेथे घेतल्याने गावच्या दुकानदाराचाही सण गोड होतो. ज्या दैवताने मूषकासारखे इवलेसे वाहन पत्करले, त्याच्या भक्तांना थोडक्या सामानात निभावणे अवघड वाटू नये. मात्र जे नेऊ ते बांधून नेऊ, आणि मागच्या ओळीतील लेकरे हसतखेळत अंगणात उतरतील याची काळजी आधी घेऊ. मंगलमूर्ती सर्वांस सुखरूप घरी पोहोचवो. इत्यलम्.