मोटारीचे चाक : माप आणि बैठक

बैलगाडीच्या चाकाला धाव चढविणारा लोहार आधी चाकाचा घेर मोजी आणि मगच लोखंड तापवी. माप चुकले तर धाव सैल पडे किंवा चढतच नसे. चूक तिथल्या तिथे उघडी पडे. मोटारीचे तसे नाही. चुकीच्या मापाचे चाकही नट आवळले की बसते, चकाकते, आणि चूक घाटात उमगते.

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी गाडीची पोलादी चाके काढून ॲलॉयची रुंद चाके घातली. आठ दिवस कौतुक झाले. पुढे घरची पाच माणसे घेऊन पसरणी घाट चढताना वळणावळणावर मागून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. वर जाऊन पाहतात तो मडगार्डच्या कडेने टायरची साल काढलेली. दुकानदाराने माप विचारले नव्हते आणि यांनीही सांगितले नव्हते.

आपणांपैकी अनेकांच्या टायरवर '१८५/६५ आर १५ ८८' अशासारखी अक्षरे असतील. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र मिलिमीटर नव्हेत. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल, १९४६ साली फ्रान्समध्ये मिशेलिनने पेटंट घेतलेली बांधणी. १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत! ही खिचडी कोणी शिजविली कोण जाणे, पण जगभर तीच वाढली जाते. शेवटचा ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलावा. नव्या टायरचा हा आकडा कमी नसावा.

आता बेरीज करू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची व खालची भिंत मिळविली की चाकाची एकूण उंची ६२१.५ भरते. ही उंची सांभाळायची असते, कारण वेगाचा काटा चाकाच्या फेऱ्यांवरून चालतो. २०१८ साली आलेल्या स्विफ्ट गाडीला दोन मापे होती : हेच, आणि १६५/८० आर १४. दोहोंच्या उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरांचे अंतर. १६ इंची रिम हवी असेल तर १९५/५५ टायरने उंची ६२०.९ होते, म्हणजे जमले. पण १९५/६० घातला तर ६४०. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०३ने धावत असेल. शिवाय रिम वाढली की भिंत बुटकी होते, आणि खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. आमच्याकडील रस्ते पाहता आम्ही तरी मोठ्या रिमच्या वाटेस जाणार नाही.

खरा घोटाळा होतो तो ऑफसेटमध्ये. चाक हबला, आपल्या भाषेत तुंब्याला, जिथे टेकते ती बैठक आणि रिमच्या रुंदीचा मध्य यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. ईटी हे एका जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप. बैठक मध्याच्या बाहेरच्या अंगाला असली की तो धन. आकडा कमी होईल तसे चाक बाहेर सरकते. लोक नेमके उलटे समजतात. समजा, सहा इंच रुंदीची, ईटी ४५ ची रिम काढून सात इंची, ईटी ३५ ची घातली. वाढलेल्या इंचाचा अर्धा, १२.७ मिलिमीटर, बाहेर गेला. ऑफसेटचे १० त्यात पडले. बाहेरची कड २२.७ मिलिमीटर पुढे आली, आतली मात्र अवघी २.७ आत गेली. रिकाम्या गाडीत हे खपते. माणसे बसून स्प्रिंग दबली की मडगार्ड टायरला गाठते. बेअरिंगवर भाराची तरफ वाढते, आणि पुढचे एखादे चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. आकडा फाजील वाढविला तर उलट आतली कड शॉक ॲब्सॉर्बरला भिडते.

बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधले भोक हीही जुळावीत, हे सांगणे नलगे. मात्र चाके बसविल्यावर पैसे देण्याआधी गाडीत पाच माणसे बसवावीत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे आणि चारही चाकांपाशी वाकून पाहावे.

स्नेह्यांच्या चिरंजीवांनी अखेर माळ्यावरची जुनी चाके उतरविली. त्यांवरचा आकडा ४५ होता, नव्यांवरचा ३५.