उपाहारगृहाची उभारणी

मूल्य घेऊन तयार अन्न व ते बसून खाण्यासाठी जागा पुरविणाऱ्या आस्थापनेस उपाहारगृह म्हणतात. बोलण्यात ‘हॉटेल’ हाच शब्द रूढ असला, तरी निवासाची सोय असलेले हॉटेल व केवळ खाद्यपेये देणारे उपाहारगृह हे दोन वेगळे व्यवसाय होत. कोणत्याही साखळीत न मोडणारे, एक मालक किंवा थोडे भागीदार स्वतःच्या भांडवलावर व जोखमीवर चालवितात ते स्वतंत्र उपाहारगृह. अशा उपाहारगृहाचे भवितव्य पदार्थांच्या चवीवर अवलंबून असते असे सामान्यतः मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. धुराचा मार्ग, सांडपाण्याचा उतार, इंधनाची साठवण आणि भाडे सुरू झाल्यापासून पहिले गिऱ्हाईक येईपर्यंतचा काळ या ग्राहकाला न दिसणाऱ्या बाबींचे निर्णय उद्‌घाटनापूर्वीच झालेले असतात व त्यांतील चुका मागाहून दुरुस्त करणे फार खर्चाचे ठरते. प्रस्तुत नोंदीत नवी मुंबईच्या संदर्भात या कामाचे विवेचन केले आहे.

मुंबईत या व्यवसायाच्या परंपरा जुन्या आहेत. कोपऱ्यावरची इराणी उपाहारगृहे, दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्यांनी चालविलेली उडुपी उपाहारगृहे आणि गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या खाणावळी हे त्यांचे ठळक प्रकार. खाणावळी चालविणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांना सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या परंपरा खाडीपलीकडे गेल्या त्या नियोजित शहराच्या चौकटीत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६०–७० या दशकात मांडलेल्या जोडशहराच्या कल्पनेनुसार शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) १९७० मध्ये स्थापन झाले. ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, वाशीपर्यंत लोहमार्ग १९९२ मध्ये आला आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. मुंबईतील जुन्या उपाहारगृहांना पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक व पागडीचे अल्प भाडे यांचा आधार होता. नव्या शहरात हे दोन्ही नव्हते.

जागेची निवड : नवी मुंबईतील जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्याने दिली गेली असून कोणत्या भूखंडावर कोणता वापर करता येईल, हे पट्ट्यात नमूद असते. त्यामुळे गाळा पसंत पडण्यापूर्वी त्याचा मंजूर वापर, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहणे आवश्यक असते. पोटमाळा नकाशात आहे की मागाहून घातला आहे, हेही तपासावे लागते. गाळ्यासमोरील मोकळी जागा ही इमारतीची सीमांतर जागा होय. तेथे छत घालून मेजे मांडण्याची प्रथा शहरात सर्रास दिसते, परंतु महानगरपालिका अशा बांधकामांवर वेळोवेळी कारवाई करते. या मोकळ्या जागेतील आसने हिशेबात धरून ज्याने भाडे ठरविले, त्याचे सारे गणित एका दिवसात कोसळू शकते.

ग्राहकवर्ग विभागाविभागाने बदलतो. बेलापूरच्या मध्यवर्ती व्यापारी भागात कोकण भवन, कोकण रेल्वेचे मुख्यालय, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय यांसारख्या आस्थापना असल्याने दुपारच्या दीड-दोन तासांत गर्दी लोटते. शनिवार-रविवारी मात्र रस्ते ओस पडतात. महापे व तुर्भे भागातील औद्योगिक पट्ट्याचीही तीच गत. नेरूळ किंवा कोपरखैरण्याच्या निवासी सेक्टरांत संध्याकाळ व सुटीचा दिवस महत्त्वाचा. म्हणून जाणते व्यावसायिक करार करण्याआधी त्याच पदपथावर वेगवेगळ्या वारी व वेगवेगळ्या वेळी उभे राहून येणाजाणाऱ्यांची मोजदाद करतात. याहून स्वस्त व विश्वसनीय पाहणी दुसरी नाही.

तळमजल्यावर दुकाने व वर निवासी सदनिका असलेली सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत, हा नवी मुंबईतील नेहमीचा प्रकार. येथे सर्वांत कळीचा प्रश्न धुराचा असतो. भटारखान्यातील धूर, वाफ व तेलाचे सूक्ष्म कण पन्हळीवाटे इमारतीच्या गच्चीपर्यंत नेऊन सोडावे लागतात; ती पन्हळ इमारतीच्या सामायिक भिंतीवरून जात असल्याने संस्थेची संमती लागते. खिडकीशेजारून पन्हळ जाण्यास वरचे रहिवासी हरकत घेतात व ती अनाठायी नसते. ही संमती लेखी मिळण्यापूर्वी भाडेकरारावर सही करणे, ही या व्यवसायातील बहुधा सर्वांत महाग पडणारी घाई होय. पन्हळीला मार्ग मिळत नसेल, तर तंदूर व तळणाचे पदार्थ सोडून शीतपेये, न्याहारी किंवा बाहेरून शिजवून आणलेले अन्न यांवर व्यवसाय बेतावा लागतो. पदार्थसूचीतील पहिली काटछाट अशी आचाऱ्याने नव्हे, तर इमारतीने केलेली असते.

भटारखाना : भटारखान्याची आखणी अन्नाच्या प्रवासाप्रमाणे करतात. कच्चा माल एका बाजूने येऊन साठवण, धुणे, चिरणे, शिजवणे व वाढणे या क्रमाने पुढे सरकावा. उष्टी भांडी वेगळ्या वाटेने घासण्याच्या जागी जावी आणि हे दोन मार्ग एकमेकांना छेदू नयेत, असा संकेत आहे. लहान गाळ्यात तो पूर्णपणे पाळता येत नाही. तेव्हा निदान मासळी-मांसाचे पाट, सुऱ्या व धुण्याची टाकी भाजीपाल्यापासून अलग ठेवतात. आसने वाढविण्यासाठी भटारखाना आक्रसण्याचा मोह बहुतेक नवशिक्यांना होतो. अरुंद भटारखान्यातून गर्दीच्या वेळी पदार्थ वेळेवर निघत नाहीत, आणि वाढविलेली आसने भरलेली असूनही विक्री वाढत नाही.

शेगड्यांवरील धूरग्राहक छत्रातून जितकी हवा बाहेर ओढली जाते, तितकीच ताजी हवा आत येण्याची सोय लागते. ती नसल्यास ज्योती हेलकावतात, दारे आपोआप ओढली जातात, आणि पंखा कितीही मोठा बसविला तरी धूर आतच कोंडतो. छत्रातील जाळ्यांवर व पन्हळीच्या आत तेल थिजून थर साचतो. तव्यावरील भडका तेथवर पोहोचला, तर आग पन्हळीतून थेट वरच्या मजल्यांकडे धावते. म्हणून जाळ्या काढून धुता येतील व पन्हळीला ठिकठिकाणी झाकणे राहतील, अशी रचना आरंभीच करावी लागते. पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यास पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. भटारखान्यासाठी त्या कामाचीच अग्निशामके असावी लागतात.

इंधनाच्या बाबतीत वायूंमधील भेद समजून घेणे प्राणरक्षणाचे आहे. सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा सु. दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरून मोरीत किंवा खड्ड्यात साचतो. म्हणून वायुवीजनाची भोके जमिनीलगत हवीत आणि सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नयेत. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन असल्याने हवेहून हलका असतो व छताशी गोळा होतो. त्यासाठी झरोके वर लागतात. एका इंधनासाठी केलेली रचना दुसऱ्यास तशीच चालत नाही. व्यावसायिक सिलिंडर १९ किग्रॅ. वायूचा असतो. १०० किग्रॅ. पर्यंतचा साठा स्फोटक पदार्थविषयक परवान्यावाचून करता येत असल्याने लहान उपाहारगृहे पाच सिलिंडरांची मर्यादा पाळतात. घरगुती सिलिंडर अशा ठिकाणी वापरणे बेकायदा आहे.

मुंबईतील कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याखालील तपासणीकडे सर्वत्र अधिक लक्ष वेधले. बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे ही अट कागदावर किरकोळ भासते. प्रत्यक्षात मागच्या दाराशी रचलेल्या बाटल्यांच्या पेट्या आणि कांद्याच्या गोण्या हाच तिचा खरा शत्रू असतो.

सांडपाण्याचे काम फरशी बसण्यापूर्वीच पुरे करावे लागते. जमिनीला मोरीकडे पुरेसा उतार हवा, फरशीखाली जलरोधक थर हवा आणि मोरीच्या पुढे चरबीसापळा हवा. या टाकीत पाण्याचा वेग मंदावून हलके तेल वर तरंगते व खालून निवळलेले पाणी पुढे जाते. ती नियमितपणे उपसली नाही, तर तेल नळात थिजून इमारतीची सारी वाहिनी तुंबते. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीखालील खाजणावर भराव घालून वसविला असून तेथे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीच्या वेळी खाडीत सोडण्याची योजना आहे. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आल्यास सखल सेक्टरांत पाणी साचते. अशा ठिकाणी शीतपेट्या चौथऱ्यावर व विजेच्या जोडण्या उंचावर घेणे शहाणपणाचे असते.

परवाने : अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. त्याखाली नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावावा लागतो. यांखेरीज महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, अग्निशमन दलाची मान्यता, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याखालील नोंदणी किंवा सूचना आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी यांचा विचार करावा लागतो. मद्य द्यावयाचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची अनुज्ञप्ती निराळी. एकाचा कागद दुसऱ्याला लागत असल्याने क्रम चुकला की महिने वाया जातात. अन्नाविषयीच्या नियमांतील गाभा थोडका आहे : थंड पदार्थ ५° से. वा त्याखाली आणि गरम पदार्थ ६०° से. वा त्यावर ठेवावेत, कारण मधल्या तापमानात जंतूंची वाढ झपाट्याने होते. कोकणपट्टीच्या दमट हवेत दुपारचा उरलेला भात रात्रीपर्यंत तसाच ठेवणे या दृष्टीने धोक्याचे. त्यातील काही जंतूंची बीजुके शिजवूनही मरत नाहीत. पुनःपुन्हा तापविलेल्या तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन १ जुलै २०१८ पासून आहे.

भांडवल व किंमत : समजा, भाडे, पगार, वीज व कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा ठाम खर्च ३ लाख रु. आहे, माणशी बिल सरासरी २०० रु. होते व त्यात जिन्नसांचा खर्च ७० रु. आहे. मग प्रत्येक ग्राहकामागे १३० रु. उरतात आणि केवळ खर्च भरून निघण्यास महिन्याला सु. २,३०० ग्राहक लागतात. महिना तीस दिवस चालणाऱ्या उपाहारगृहात हे रोजचे सु. ७७ होतात, कार्यालयीन भागात, जेथे जेमतेम बावीस दिवस गिऱ्हाईक असते, तेथे तेच १०५ पर्यंत जातात. ४० आसने असली तर दुपारच्या दोन तासांत जवळजवळ तीन पंगती उठाव्या लागतात. भ्रमणध्वनीवरून मागणी घेऊन घरपोच अन्न देणाऱ्या मध्यस्थांमुळे विक्री वाढते, पण त्यांचे अडतीसारखे शुल्क याच १३० रुपयांतून जाते. जिन्नसांचा खर्च काढताना वजनातील घटही मोजावी लागते : सुरमईचे डोके-शेपूट, कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची साले यांचेही पैसे दिलेले असतात.

मुंबईतील घाऊक बाजार १९८०–९० या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलविले गेले, ही स्थानिक उपाहारगृहांची मोठी सोय होय. तथापि तेथील व्यवहार गोणी व पेटीच्या मापाने होतो. लहान उपाहारगृहाला कांदे, बटाटे, डाळी व मसाले तेथून घेणे परवडते. पालेभाजी मात्र नासण्याच्या भीतीने रोज किरकोळ बाजारातूनच घ्यावी लागते. मासळीसाठी दिवाळे कोळीवाडा जवळ आहे. आगरी-कोळी पद्धतीची तांदळाची भाकरी व मासळीचे कालवण देणारी उपाहारगृहे ही येथील मूळ गावांची शहराला मिळालेली देणगीच म्हणावी लागेल. पण जून-जुलैतील मासेमारीबंदी आणि तिच्या पाठोपाठ येणारा श्रावण यांचा विचार न करता जूनच्या आरंभी सामिष उपाहारगृह उघडल्यास भांडवलाचा मोठा भाग पहिल्याच तिमाहीत खर्ची पडतो.

आचारी व वाढपी बहुधा परगावचे असतात. त्यामुळे त्यांच्या राहण्याची सोय हाही उभारणीचाच भाग ठरतो. पूर्वी ते रात्री मेजे सरकवून उपाहारगृहातच झोपत. ही पद्धत आगीच्या व आरोग्याच्या दृष्टीने गैर आहे. चहाचे पेले उचलणारा लहान पोऱ्या हे एकेकाळचे नेहमीचे दृश्य होते. १० ऑक्टोबर २००६ पासून उपाहारगृहांत १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई आहे.

मुहूर्ताचा नारळ फुटण्यापूर्वी सात-आठ दिवस ओळखीच्यांना बोलावून पूर्ण पदार्थसूचीनिशी तालीम घेण्याची रीत आहे. तीत चवीपेक्षा वेळ मोजली जाते : मागणी लिहिल्यापासून ताट मेजावर येईपर्यंत किती मिनिटे गेली, कोणत्या शेगडीपाशी गर्दी झाली, कोणते भांडे कमी पडले. या पाहणीनंतर पदार्थसूची बहुधा निम्म्यावर येते.