घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन थंड कसं राहतं?

मोटारसायकलच्या सिलिंडरवरच्या फिन्स तुम्ही पाहिल्या असतील. घरी बांधलेल्या अनेक छोट्या विमानांत असतं ते लायकमिंगचं ओ-३६० इंजिनही असंच वाऱ्यावर थंड होतं. त्याच्या सिलिंडर हेडला २६० अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा आहे; पण इंजिन टिकवायचं तर ते साधारण २०४ अंशांच्या खाली ठेवावं, असं कंपनी सांगते. हेड अॅल्युमिनियमचं. फार तापलं की त्याची ताकद घटते, चिरा पडू शकतात.

तापमान वाढलं की पहिला विचार येतो, पुढची तोंडं मोठी करूया. पण आत आलेला वारा जातो कुठे, ते आधी बघा. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, वरच्या कप्प्यात दाब जास्त असतो, खाली कमी. या फरकामुळे हवा फिन्समधून खाली उतरते. कडेला फट असेल, तर ती सोपी वाट धरते आणि सिलिंडर तापतच राहतो.

म्हणून पहिलं काम गळती शोधण्याचं. अंधारात इंजिनाखाली दिवा लावा आणि वरून पाहा. फिन्स सोडून जिथून उजेड दिसेल ती फट बुजवा. बॅफलच्या पत्र्यावरची रबरी पट्टी आतल्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे दाबच तिला काउलिंगवर घट्ट बसवतो. सिलिंडरच्या खालचे पत्रेही फिन्सना बिलगून हवेत.

मग मोजमाप. पारदर्शक नळीत पाणी भरून वरचा आणि खालचा दाब उड्डाणात वेगवेगळा मोजता येतो. फटी बुजवूनही खालचा दाब जास्तच असेल, तर बाहेर पडायची वाट अपुरी आहे. तापलेली हवा फुगते, तिला जागा जास्त लागते. फायरवॉलची खालची कड गोलाई देऊन गुळगुळीत केली, तरी मदत होते.

हे सगळं कशासाठी? १०० नॉट वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे १६.५ सेंटीमीटर पाण्याइतका असतो. ७५ नॉटला जेमतेम ९. म्हणजे टेकऑफनंतर चढताना इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, आणि वारा नेमका तेव्हाच सगळ्यात कमी मिळतो. अशा वेळी सुरक्षित उंची गाठली, की नाक थोडं खाली करून वेग वाढवणं हा वैमानिकाच्या हातातला उपाय.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. आधी गळती, मग बाहेरची वाट, आणि पुढची तोंडं सगळ्यात शेवटी.