तीन मुलं, तीन इयत्ता, एकच आई: होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम निवडायचा कसा?

समजा, घरात तीन मुलं आहेत. थोरली ९ वर्षांची, मधला ६ चा, धाकटी ४ ची. तिघांनाही घरीच शिकवायचं ठरलं. पहिल्या उत्साहात काय होतं? चौथीचा संच येतो, पहिलीचा संच येतो आणि धाकटीसाठी एक महागडा रंगीत डबा. मग वेळापत्रक बनतं. पाच विषय, प्रत्येकाला अर्धा तास, गुणिले तीन मुलं. झाले साडेसात तास! धाकटीला सूट दिली तरी पाच उरतातच. यात स्वयंपाक धरलेला नाही आणि आईचं जेवणही नाही. (हो, बहुतेक घरांत हे काम आईकडेच येतं.) असं वेळापत्रक दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

चूक आईची नसते, हिशोबाची असते. इयत्ता ही मुळात शाळेची सोय आहे. तीसचाळीस मुलं एका खोलीत बसवायची तर वयानुसार गट करावे लागतात. घरात ती अडचणच नाही. आपल्याकडच्या झेडपीच्या दोनशिक्षकी शाळा बघा. एकच गुरुजी दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळतात. एका गटाला गणित देतात, दुसऱ्याला वाचायला बसवतात आणि गोष्ट सगळ्यांना एकदम सांगतात.

घरीही तेच करायचं. आधी विषयांची दोन ढिगांत वाटणी करा.

पहिला ढीग पायरी-पायरीने शिकायच्या विषयांचा: वाचन-लेखन आणि गणित. हातच्याची बेरीज न येणाऱ्याला भागाकार कळणार नाही, त्यामुळे इथे प्रत्येकाचं वेगळं. पुस्तक मात्र वय बघून नाही, मुलाला काय येतं ते बघून घ्या. ९ वर्षांची मुलगी भाषेत पाचवीची आणि गणितात तिसरीची असू शकते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, त्यातली चार पानं सोडवून घेतली की अंदाज येतो. खरेदी त्यानंतर.

दुसरा ढीग इतिहास, परिसर, विज्ञान, गोष्टी, चित्रकला यांचा. इथे पायऱ्या नसतात. चौथीच्या परिसर अभ्यासातला शिवरायांचा इतिहास तिघांनाही एकत्र वाचून दाखवता येतो. ऐकून झाल्यावर थोरलीने पानभर लिहायचं, मधल्याने तोंडी सांगायचं, धाकटीने किल्ला काढायचा. विषय एक, अपेक्षा तीन. वाचनासाठी स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत आहेत आणि थोरलीसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच.

आता पुन्हा हिशोब करा. थोरलीला स्वतंत्र ८० मिनिटं, मधल्याला ५०, एकत्र तास एक. सव्वातीन तासांच्या आत काम आटोपतं. धाकटीला गोष्टी, माती, मणी मोजणं आणि स्वयंपाकघरातली लुडबुड पुरेशी आहे. तिच्यासाठी घेतलेला तो डबा बहुतेकदा कपाटावरच राहतो.

परदेशी तयार संचांचं आकर्षण बऱ्याच घरांना असतं. ते वाईट नसतात, पण त्यात नाणी डॉलर-सेंटची आणि ऋतू बर्फाचे. शिवाय तीन मुलांसाठी तीन संच घेतले, तर आपण पुन्हा त्याच साडेसात तासांवर येतो.

मग परीक्षेचं काय? शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. उलट ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. त्यामुळे हा रस्ता थोडा धूसर आहे, हे माहीत असू द्या. प्रमाणपत्रासाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय हा पर्याय आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अशा अ, ब, क पातळ्या आहेत, आणि १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी-आठवीच्या परीक्षा आहेत. म्हणजे ६ वर्षांच्या मुलाचा अभ्यासक्रम आजच दहावीच्या भीतीने निवडायची गरज नाही.

आणि घरात जमलंच नाही तर? त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार, शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूदही आहे. त्यामुळे जन्मदाखले जपून ठेवा, आणि मुलांच्या भरलेल्या वह्या रद्दीत देऊ नका. कुठे पोचलोय हे नव्या बाईंना दाखवायला त्या उपयोगी पडतात.