वडिलांमागें राहिलेली जीप : तिची निगा व उपयोग

शेतकऱ्याच्या घरीं वडिलांच्या पश्चात् जमीन, विहीर व अवजारें यांबरोबर कित्येकदां एक जुनी जीपहि वारसाकडे येते. ती कांहीं दिवस गोठ्याशेजारच्या पडवींत उभी राहते, टायर बसतात, उंदीर तारा कुरतडतात आणि अखेर भंगारवाला दारांत येतो. वास्तविक याच गाडीनें घरच्या मुलांस एकदां सह्याद्रीच्या घाटवाटा, धरणांचे कांठ व दूरच्या यात्रा दाखविलेल्या असतात. ती पुन्हां रस्त्यावर आणून नातवंडांस तोच आनंद देतां येतो. मात्र वडिलांविषयींचा आदर ब्रेकचें काम करीत नाहीं. मागें मुलें बसणार आहेत, हें ध्यानांत ठेवून कोणती काळजी घ्यावी, याचा विचार येथें केला आहे.

दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी जीपवरूनच पुढें नागरी उपयोगाच्या जीपा निघाल्या. आपल्याकडे विलीज कंपनीच्या परवान्यानें महिंद्र कंपनीनें त्या बनविल्या. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेला सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना आपल्या खेड्यांतहि परिचित झाला. बॉनेट उंच असण्याचें कारण आंतील इंजिन. त्यांत मिश्रण आंत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्यें व धूर बाहेर टाकणारे खालीं ब्लॉकमध्यें असतात, म्हणून तें उंच झालें. इंजिन चार सिलिंडरचें, सुमारें २.२ लिटरचें असतें. पुष्कळ मालकांनीं पुढें डिझेल इंजिनें बसविलीं. पेट्रोलविषयींच्या सूचना सोडल्यास बाकीचा बहुतेक मजकूर त्यांसहि लागू आहे.

प्रथम कागदपत्रें पाहावींत. मालक वारल्यास वारसानें ३० दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यानें १५ वर्षांची असते. त्यापुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करून ती वाढवावी लागते. इंजिन बदललेलें असल्यास त्याची नोंद आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. विमा मृताच्याच नांवावर राहिला तर अपघाताचे वेळीं घरादारास त्रास होतो.

बरेच महिने उभें असलेलें इंजिन एकदम स्टार्टर मारून चालवूं नये. जुनें पेट्रोल व ऑईल काढून टाकावें. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें थोडें ऑईल सोडावें, एक दिवस थांबावें व मग इंजिन हातानें फिरवून पाहावें. मोकळें फिरल्यास नवें ऑईल भरावें व रेडिएटर धुऊन घ्यावा. प्लगचें अंतर ०.०३० इंच व डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटांचें ०.०२० इंच ठेवावें. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. तारा चुकल्यास इंजिन ठोके देतें, आणि दोष मात्र कारब्युरेटरला दिला जातो.

पेट्रोलाविषयीं एक नवी गोष्ट समजून घेतली पाहिजे. २०२५ पासून देशांत सर्वत्र २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जातें. हें इथेनॉल आपल्या उसापासून व धान्यापासूनच होतें, त्यामुळें शेतकऱ्यास त्याचें वावडें नसावें. परंतु जुन्या गाडीची रबरी नळी व पेट्रोल पंपाचा पडदा त्यानें फुगतो, मऊ होतो व शेवटीं फाटतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे आगीस निमंत्रण होय. करितां नळ्या व पडदे इथेनॉल सोसणारे घालावे. इथेनॉल पाणीहि शोषून घेतें, आणि पाणी फार झालें कीं तें पेट्रोलापासून वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा. या जुन्या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकांचें तेल एकाच मास्टर सिलिंडरांतून एकाच मार्गानें जातें. एके ठिकाणीं गळती झाली कीं चारी चाकांचे ब्रेक जातात. आमच्या घरच्या जीपचें असेंच झालें. घाट उतरतांना मागील धुऱ्यावरची रबरी नळी फुटली व पेडल तळाला गेलें. गाडी खालच्या गिअरमध्यें होती आणि बाजूस मातीची चढण होती, म्हणूनच मागें बसलेलीं मुलें वांचलीं. यांत दोष मिस्त्र्याचा नव्हता, नळी बदलण्याचा आळस आमचाच होता. रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी गाडी हातीं घेतांच सर्व बदलाव्या. ब्रेकचें तेल हवेंतील ओल धरतें, यासाठीं तें दर दोन वर्षांनीं बदलावें.

हँडब्रेकहि नेहमींसारखा नसतो. तो मागील चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील फिरत्या दांड्यावर असतो. चालत्या गाडींत तो जोरानें ओढल्यास दांड्यास व गिअरांस हिसका बसतो. शिवाय मागील एक चाक जॅकवर उचललें कीं डिफरन्शिअलमुळें तें चाक मोकळें फिरतें आणि हँडब्रेक ओढलेला असूनहि गाडी घरंगळूं शकते. चाक बदलतांना इतर चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावावेच.

चारी चाकांची ओढ चिखल, वाळू व ओल्या चढावरच लावावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर चालतात. मध्यें डिफरन्शिअल नसल्यानें दांड्यांस पीळ बसतो, टायर झिजतात व लिव्हर अडकून बसतो. ओढा ओलांडावयाचा असल्यास प्रथम पायीं उतरून तळ व खोली पाहावी. तापलेला धुरा गार पाण्यांत शिरला म्हणजे आंतील हवा आकसून सीलांतून पाणी ओढलें जातें. परतल्यावर धुऱ्याचें ऑईल पाहावें. तें दुधासारखें पांढरट झालें असल्यास लगेच बदलावें. ब्रेक ओले झालेले असतात, ते हलकेच दाबीत कांहीं अंतर चालून सुकवावे.

शेवटची सूचना खर्चाची नाहीं. पुष्कळ वडील मंडळी ऑईल केव्हां बदललें, कोणता भाग कोठून आणला, हें डायरींत टिपून ठेवीत. ती डायरी सांपडल्यास जपावी व तींतच पुढें लिहीत जावें. मुलगा किंवा मुलगी दहा-बारा वर्षांची झाली कीं पाना धरावयास बोलवावें. ग्रीस भरणें, पाणी पाहणें, दगड लावणें हें त्यांस आलें तरच ही जीप तिसऱ्या पिढीच्या हातीं चालत जाईल. एरवीं ती पुन्हां पडवींतच उभी राहील.