गाठ कसली, हे सांगणारा तपकिरी रंग



मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. असा रुग्ण पाड्यावरून आला की पहिली शंका क्षयाची येते, आणि बहुधा ती खरीच ठरते. पण हीच लक्षणे लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही असतात. तसे असेल तर क्षयाच्या गोळ्या चालू राहतात, गाठही वाढत राहते, आणि मोलाचे महिने निघून जातात. मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून हा फरक कसा ओळखतात ते लिहितो.

गाठीचा पातळ काप नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींची गर्दी दिसते. त्यांतली कोणती कोणत्या कुळातली, हे पुष्कळदा नजरेला कळत नाही. मात्र या पेशी अंगावर ओळखीची प्रथिने वागवतात: बी-पेशीवर सीडी-२०, टी-पेशीवर सीडी-३. ती हुडकायला प्रतिपिंडे लागतात.

प्रतिपिंडे आपल्या रक्तातही असतात, पण नाना जातींची, सरमिसळ. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवला. ही जोडपेशी वाढत राहिली आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके देऊ लागली. तेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले.

हे प्रतिपिंड कापावर घातले की आपल्याच प्रथिनाला चिकटते, उरलेले धुऊन जाते. नंतर रंग चढवला की तेवढ्याच पेशी तपकिरी दिसतात. अर्थात निरोगी बी-पेशीही तपकिरी होते; म्हणून एका रंगावर कोणी कर्करोग ठरवत नाही. पॅथॉलॉजिस्ट चार-सहा कापांचा मेळ घालून, पेशींची ठेवण बघून निदान करतात. सीडी-२० दिसले तर उपचाराचीही दिशा मिळते, कारण रिटुक्सिमॅब हे औषध त्याच प्रथिनावर नेम धरते. गंमत म्हणजे तेही मोनोक्लोनल प्रतिपिंडच!

ही तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना शहरात पाठवावा लागतो. आमच्या हाती एवढेच की शक्यतो गाठ अख्खी काढायची, कारण सुईने काढलेल्या थेंबात पेशींची ठेवण दिसत नाही. आणि ती लगेच फॉर्मालिनमध्ये घालायची. वाटेत कुजली तर प्रतिपिंडाला चिकटायला धड काही उरत नाही.

‘गाठ कापली की रोग पसरतो’ ही भीती पाड्यांवर फार आहे. आपल्यापैकी जे तिकडे भेटीला जातात, त्यांनी एवढे जरूर सांगावे: तपासणीसाठी गाठ काढल्याने लिम्फोमा पसरत नाही, आणि क्षयाचे औषध घेऊनही गाठ वाढत असेल तर कोर्स संपायची वाट न पाहता दवाखान्यात यावे.